जोडात शिरलेलं पाणी

मी एक जुनी अँटेना आहे. नाव ऐकल्याबरोबर टीव्हीची ती काटेरी फणी डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो, मला राग येतो. मी तांब्याची तार आहे. दोन सारखे हात, मधोमध एक जोड आणि त्या जोडातून खाली खोलीत गेलेली जाड काळी केबल, एवढाच माझा देह. माझा एक हात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलाय, दुसरा मागच्या अंगणातल्या उंच झाडाला. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटतं, कपड्यांची दोरी कोणीतरी खुळ्यासारखी एवढ्या वर बांधून ठेवली आहे. वाटू दे. मी जे ऐकलंय ते त्यांच्या कानावर पडलं असतं, तर त्यांच्या घशाखाली घास उतरला नसता.

मला दोन भावांनी बनवलं. थोरल्याला सगळे दादा म्हणत. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. गच्चीवरच्या खोलीत एका टेबलावर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेले असत आणि दुसऱ्या टेबलावर रेडिओचा सेट. हा सेट गाणी ऐकायचा नव्हे. याच्यातून बोलताही यायचं. सरकारचा परवाना काढून, निव्वळ हौसेपोटी, हवेतून दूरदूरच्या माणसांशी गप्पा मारणारे लोक असतात. त्यांना हॅम म्हणतात. हे दोघे भाऊ त्या वेडातले. धाकट्याला हवेत आणि घरात सगळेच धाकटा म्हणत. त्याला दुसरं काही नाव होतं की नाही, मला आठवत नाही.

दोघांनी मला गच्चीवर आडवं घालून मोजलं, कापलं, पुन्हा मोजलं आणि दर वेळी भांडले. "दादा, अजून बोटभर काप." "कापल्यावर जोडून देशील का तू?" असं चालायचं. माझ्या टोकांना बसवायला वीज अडवणारे इन्सुलेटर नव्हते, म्हणून दादाने कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी प्लास्टिक ओतून ते घरीच बनवले. धाकटा पोट धरून हसला. म्हणाला, "उद्या ही तार कोणाला तरी चावेल बघ!" खरं सांगते, मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. पण पाऊस, ऊन, वारा, माकडं, सगळं त्या हिरड्यांनी सोसलं.

मधल्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळायचं काम मात्र धाकट्याचं. त्यात तो कोणाला हात लावू देत नसे. केबल जोडातून सरळ खाली लोंबते. तिच्यावर पट्टी चढवायची ती खालून वर. म्हणजे वरचा वेढा खालच्या वेढ्यावर बसतो आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं, छपरावरच्या कौलांसारखं. वरून खाली गुंडाळली, तर प्रत्येक वेढ्याचं तोंड आभाळाकडे उघडं राहतं आणि पाणी आत मुरतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. दरवर्षी पावसाळ्याआधी धाकटा दोरी सैल करून मला खाली घ्यायचा, जुनी पट्टी सोलायचा, जोड पुसायचा आणि नवी पट्टी चढवायचा. दादा बाजूला उभा राहून म्हणायचा, "झालं का तुझं बारसं?"

मित्रांनो, ते दिवस माझ्या मानाचे होते. याच गावात छापखाना चालवणारे एक काका होते. रोज सकाळी हवेतली हजेरी तेच घ्यायचे. एकेकाची ठरलेली अक्षरं पुकारायची, त्याने "हजर" म्हणायचं, हवापाण्याची, तब्येतीची चौकशी व्हायची आणि सभा उठायची. काका एकदा गच्चीवर आले, मान वर करून त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाले, "दादा, तार नाही रे ही, सोनं आहे! तुझ्या घरी सुई पडली तरी मला ऐकू येते." दादा वरवर म्हणाला, "कसलं काय काका," पण त्या दिवशी त्याने कामावरची कवळी तशीच ठेवून संध्याकाळपर्यंत माझ्याखाली खुर्ची टाकली होती.

मग धाकट्याला दीपगृहावर नोकरी लागली. समुद्रातला एक खडक, त्यावर दिवा, दिव्याखाली दोन खोल्या. फोन नाही. बोट येईल तेव्हा येईल. पण रेडिओ होता. हजेरी संपली, बाकीचे गेले, की दोघे भाऊ मागे थांबून घरच्या गोष्टी बोलायचे. त्यांची आई जिना चढून वर यायची, सेटसमोर बसायची आणि इतक्या मोठ्याने बोलायची की रेडिओ नसता तरी खडकापर्यंत ऐकू गेलं असतं. "जेवलास का? अंगात स्वेटर आहे ना?" धाकटा तिकडून म्हणायचा, "आई, जेवलो, स्वेटर आहे, आणि मी बहिरा झालोय." दादाची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, दारात उभी राहून हसायची.

ती आई आजारी पडली. दादाने हवेतून निरोप दिला, "निघून ये, काही खरं नाही." धाकटा निघू शकला नाही. बदलीचा माणूस आलाच नाही, समुद्र खवळलेला, आणि दिवा सोडून जाता येत नाही. आई गेली. शेवटच्या दिवसांत ती जिन्याच्या दाराकडे बघत असायची, एवढं मी मागच्या अंगणाकडच्या खिडकीतून पाहिलं आहे.

काही दिवसांनी धाकटा सकाळच्या हजेरीला आला. काकांनी सगळ्यांच्या वतीने दुःख व्यक्त केलं. दादाच्या आतमध्ये तोवर काय साठलं होतं कोण जाणे. त्याने बटण दाबलं आणि सगळ्यांच्या देखत सुटला. "काय दिवे लावलेस रे तिथे बसून? आई दाराकडे बघत बघत गेली. तुला तुझा दिवा मोठा. यापुढे मला भाऊ नाही." रेडिओवर एकाने बटण दाबून ठेवलं की दुसऱ्याला मधे तोंड घालता येत नाही. त्यामुळे दादा बोलत राहिला आणि सगळे ऐकत राहिले. त्याने बटण सोडलं. मग धाकट्याचा बारीक आवाज आला. "सगळ्यांना नमस्कार. मी थांबतो." एवढंच बोलून तो गेला.

त्या दिवसापासून दादाने तोंडाला कुलूप लावलं. हजेरीत काका त्याची अक्षरं पुकारायचे, हा ऐकायचा, पण उत्तर देत नसे. सेट मात्र रोज चालू करायचा. वहिनी विचारायची, "बोलायचं नाही तर लावता कशाला?" "हवा कशी आहे बघतोय," तो म्हणायचा. कसली हवा नि कसलं काय! तो धाकट्याची वाट बघायचा. धाकट्याने आधी हाक मारावी, मग आपण दोन क्षण थांबून, घसा खाकरून, "बोल" म्हणावं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. मी त्याला ओळखते. एवढा शहाणा माणूस, पण अडून बसला की बैलासारखा.

त्या वर्षी पट्टी बदलायला धाकटा नेहमीसारखा सुट्टी काढून आला नाही. जुनी पट्टी सुटून फडफडायला लागली तेव्हा दादाने स्वतःच मला खाली घेतलं. वहिनी म्हणाली, "भावजींना येऊ दे की. त्यांना त्यातलं कळतं." दादा भडकला. "दोन दातांमध्ये केसाएवढी फट राहू देत नाही मी, आणि एक पट्टी गुंडाळता येत नाही मला?" त्याने पट्टी गुंडाळली. इतकी सुबक, इतकी गुळगुळीत की बघत राहावं. पण वरून खाली.

मी काय करणार? मला कान आहेत, तोंड नाही.

पाऊस आला. प्रत्येक वेढ्याने आपल्या ओंजळीत थोडं थोडं पाणी घेतलं आणि जोडात सोडलं. जोडातून ते केबलच्या पोटात उतरलं. आत तांबं हिरवं पडलं, मग काळं पडलं. मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. मी बहिरी झाले नव्हते. हवेतलं सगळं मला आधीसारखंच ऐकू येत होतं. पण ते खोलीपर्यंत पोचत नव्हतं, वाटेत केबलमध्येच मरत होतं. गावातल्या गावात असलेल्या काकांचा दणदणीत आवाज तेवढा कसाबसा सेटपर्यंत जायचा. त्यामुळे दादाला वाटलं, सेट ठीक आहे, तार ठीक आहे. लांबचं काही येत नाही याचं कारण त्याने आपलं हॅमवाल्यांचं नेहमीचं काढलं. सूर्यावरचे डाग कमी झाले की हवेतून लांबचे आवाज येईनासे होतात, हे खरंच आहे. पण ही मंडळी दहापैकी नऊ वेळा खापर सूर्याच्याच माथी फोडतात. "सूर्य झोपलाय सध्या," दादा वहिनीला सांगायचा आणि खरखर ऐकत बसायचा. त्याने एकदा, फक्त एकदा बोलायचं बटण दाबलं असतं, तरी सेटवरचा काटा वेडावाकडा हलला असता आणि बिघाड त्याला तिथल्या तिथे कळला असता. पण आधी बोलायचं नाही अशी त्याने शपथ घेतली होती ना!

आणि त्याच पावसाळ्यात धाकटा हवेत परत आला.

हजेरी संपली होती, सगळे गेले होते, आणि त्यांच्या त्या जुन्या वेळेला तो मला स्पष्ट ऐकू आला. "दादा, मी आहे. ऐकतोयस ना?" मग तो थांबला. खाली दादा सेटसमोर, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, कान देऊन बसला होता. त्याला खरखर ऐकू येत होती. "बरं," धाकटा म्हणाला, "उद्या बघू."

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. मग रोजच यायला लागला. उत्तर मिळत नाही म्हणून तो एकटाच बोलायचा. मी सगळं ऐकलंय. "दादा, माझी दाढ हलतेय रे. इथल्या कोणाला हात लावू देणार नाही, तुझ्याकडूनच बसवून घेईन. फुकट." कधी म्हणायचा, "वहिनीला सांग, स्वेटर कोपरात उसवलाय." कधी नुसताच खोकायचा. एकदा त्याचा आवाज अगदी उतरला होता. "पत्र लिहायला बसतो, पण हात चालत नाही. आपल्याला बोलायची सवय ना. दादा, त्या दिवशी मी दिवा सोडला असता तर आईपाशी पोचलो असतो की नाही, मला माहीत नाही. पण त्या वादळात मासेमारीच्या बोटी बाहेर होत्या. त्या दिव्याकडे बघून परत आल्या. एका बोटीत बाप आणि मुलगा होता. मी त्यांना खडकाजवळून जाताना पाहिलं. तू तिथे असतास तर तूही सोडला नसतास. एवढंच तुला सांगायचं होतं. राग धर, पण हे ऐकून धर."

दादाने यातला एक शब्दही ऐकला नाही. तो सेटसमोर बसून एका म्हातारीचा खालचा जबडा घासत होता. मधेच म्हणाला, "तो काही बोलायचा नाही. मी मेलो तरी बोलायचा नाही." वहिनी म्हणाली, "मग तुम्ही बोला. नाहीतर मी चार ओळी लिहिते, बोटीने पाठवू." दादाने घासणी खाली आपटली. "लिहिलंस तर माझी शपथ आहे तुला." ती डोळ्याला पदर लावून खाली गेली.

तुम्ही विचाराल, बाकीचे हॅम काय करत होते? धाकट्याच्या हाका हवेत होत्या, ज्याला हवं त्याला ऐकू येत होत्या. काका एक दिवस फाटकाशी आले. दादा खाली झाडाला पाणी घालत होता. काका म्हणाले, "दादा, अरे धाकट्याचं..." दादाने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "त्याचं नाव काढायचं नाही, काका. माझ्या कानांना ते ऐकायचं नाही." काका मान हलवून निघून गेले. त्यांना वाटलं, हा रोज ऐकतोय आणि मुद्दाम उत्तर देत नाहीये. दोन सख्ख्या भावांच्या मधे कोण पडणार? सगळ्यांनी तसाच विचार केला. सकाळची ती वेळ आली की लोक शरमेने सेट बंद करू लागले. शेवटी धाकट्याचं ऐकणारी मी एकटीच उरले.

त्याचा खोकला वाढत गेला. वाक्य पुरं करायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागे. मग एका सकाळी तो म्हणाला, "दादा, बदलीचा माणूस आलाय. मी या बोटीने उतरतोय. छातीचं दुखणं आहे, दवाखान्यात दाखवायचंय. तू धक्क्यावर ये. बोलू नकोस हवं तर. नुसता येऊन उभा राहा. सामान उचलायला माणूस हवाच की." त्याने बटण सोडलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. "ये रे."

मित्रांनो, मी वाऱ्यात हेलकावे खाल्ले. माझे हात झाडाला घासले. दोरी करकरली. खिडकीतून दादाने वर बघितलं, म्हणाला, "वारा सुटलाय," आणि खिडकी लावून घेतली.

पुढची बातमी बोटवाला घेऊन आला. तो फाटकातून आत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर धाकट्याची पत्र्याची पेटी होती. वहिनीने ती पेटी लगेच ओळखली. दादाला काही समजेना. बोटवाला म्हणाला, "दवाखान्यात न्यायला उशीर झाला. काल गेले."

"कोण गेलं?" दादाने विचारलं. त्याला कळलं होतं, तरी त्याने विचारलं.

बोटवाल्याने पेटी खाली ठेवली. "धक्क्यावर उतरलो तेव्हाच त्यांना उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, चला, गाडी करतो. तर या पेटीवर बसून राहिले. म्हणाले, थांब, माझा दादा येतोय. त्याला उशीर करायची खोड आहे, आत्ता येईल. ऊन कलेपर्यंत बसले हो. मी दोनदा हात धरला, दोनदा सोडवून घेतला."

"मला कोणी सांगितलं का नाही?" दादा ओरडला. "मला एक शब्द तरी कळवायचा!"

बोटवाला भांबावला. "कळवलं नाही? अहो, रोज तर त्या डब्याशी बोलायचे. मी सामान पोचवायला गेलो की माझ्या देखत. दादा, दादा करून. मी म्हटलंसुद्धा, तिकडून कोणी बोलत नाही, कशाला छाती फोडता? तर म्हणाले, तो ऐकतो. ऐकतोय म्हणूनच तर बोलत नाही."

दादा जिन्याच्या पायऱ्या कशा चढला ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने दोरी सोडली, मी धाडकन गच्चीवर आपटले. गुडघ्यावर बसून त्याने जोड हातात घेतला, कवळी कोरायच्या चाकूने ती सुबक पट्टी फाडली. आतून पाणी आलं. हिरवट, घाण पाणी त्याच्या बोटांवरून, मनगटावरून खाली ओघळलं. त्याने केबलला चाकू लावला, ती उभी चिरली. आतली तांब्याची जाळी काजळीसारखी काळी निघाली आणि त्याच्या हातात तिचा भुगा झाला.

वहिनी मागे येऊन उभी होती. तिने विचारलं, "काय झालं होतं हिला?"

"मी वरून खाली गुंडाळली," दादा म्हणाला. "तो आयुष्यभर मला सांगत होता, खालून वर. मी वरून खाली गुंडाळली."

वहिनी त्याला जवळ घेईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "पट्टीचं सोडा. तुम्ही एक हाक मारली असती तर?" आणि जिना उतरून गेली. कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मी तिला दोष देत नाही.

धाकट्याचं क्रियाकर्म आटोपल्यावर दादाने नवी केबल आणली. जोड घासून लख्ख केला. मग पट्टी घेतली आणि खालून वर, एकेक वेढा दाबत, गुंडाळली. वेढे वाकडेतिकडे आले. पण पाणी शिरायला जागा नव्हती. त्याने मला पुन्हा वर चढवलं.

कोणी हॅम वारला की सकाळच्या हजेरीत त्याची अक्षरं शेवटची एकदा पुकारतात आणि मग सगळे गप्प राहतात. कोणी बटण दाबत नाही. काकांनी धाकट्याची अक्षरं पुकारली. सगळीकडे शांत झालं. हवेत इतके लोक होते आणि कोणाचा श्वाससुद्धा येत नव्हता.

त्या शांततेत दादाने बटण दाबलं. असं करायचं नसतं, पण त्याला कोणी अडवलं नाही. "धाकट्या," तो म्हणाला, "जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो होतो. म्हणून सगळ्यांसमोरच परत घेतो. मी ऐकत नव्हतो रे. मी रोज बसलो होतो, पण मला ऐकू येत नव्हतं. माझं चुकलं. तुझा दिवा बरोबर होता की नाही, मी विचारलंच नाही तुला. सांग मला. मी थांबतो."

आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने उत्तरासाठी बटण सोडलं.

दादा पुढे वाकून, डोळे मिटून ऐकत होता. प्लास्टरचे जबडे आ वासून त्याच्याकडे बघत होते. मी जीव कानांत आणून ऐकलं. खडकाच्या दिशेने, समुद्राच्या दिशेने, जिथून तो रोज यायचा तिथे ऐकलं. काही आलं नाही. केबल नवी होती, जोड कोरडा होता, आणि काही आलं नाही.

मित्रांनो, मी तार आहे, मला दुरुस्त करता येतं. पट्टी सोलली, केबल बदलली, झालं. तुमच्यापैकी कोणाचं कोणी बरेच दिवस बोललं नसेल, तर तो रागावलाय असं धरून बसू नका. तो कुठेतरी रोज तुम्हाला हाक मारत असेल आणि तुमच्या जोडात पाणी शिरलं असेल. माझं ऐकायचं पुरे करा आता. उठा आणि आधी तुम्ही हाक मारा.